श्रेष्ठ चित्रपटांच्या याद्या : क्रमांक, प्रत आणि मराठी समीक्षा

प्रास्ताविक

'जगातील सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता?' हा प्रश्न वरवर पाहता गप्पांच्या बैठकीतला वाटतो. परंतु गेल्या सात दशकांत या प्रश्नाला संस्थात्मक प्रतिष्ठा लाभली आहे. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे 'साइट अँड साउंड' हे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी देशोदेशींच्या समीक्षकांकडे हा प्रश्न लेखी विचारीत आले आहे आणि त्यांच्या उत्तरांवरून तयार होणारी यादी हा चित्रपटकलेचा जणू अधिकृत निवाडा मानला जातो. या यादीत १९५२ मध्ये डी सिकांचा 'बायसिकल थीव्हज' प्रथम होता. १९६२ पासून २००२ पर्यंत ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन'ने ते स्थान राखले. २०१२ मध्ये हिचकॉक यांचा 'व्हर्टिगो' आणि २०२२ मध्ये शांताल अकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 'जान दिएलमन' (१९७५) प्रथम आला. 'जान दिएलमन' आधीच्या यादीत पहिल्या दहांतही नव्हता. त्यामुळे २०२२ नंतर समीक्षकांत मोठा वाद झाला. कोणी त्यास उशिरा मिळालेला न्याय म्हटले, तर कोणी काळाच्या राजकारणापुढे पत्करलेली शरणागती.

प्रस्तुत लेखाचा हेतू त्या वादात एखादी बाजू घेण्याचा नाही. अशा याद्या नेमके काय मोजतात आणि त्यांत मराठी चित्रपट का दिसत नाही, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. हे प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांशी थेट निगडित आहेत. चित्रपट-आस्वादाचा अभ्यासक्रम आखताना पाच-सहा चित्रपट निवडावे लागतात आणि ही निवड बहुधा कुठल्यातरी प्रसिद्ध यादीवरूनच होते. यादीतील क्रमांक अशा रीतीने अभ्यासक्रमात उतरतो आणि जे यादीत नाही ते विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच राहत नाही.

मतदानाची रीत

प्रथम रीत पाहू. 'साइट अँड साउंड'च्या पाहणीत प्रत्येक समीक्षक दहा चित्रपटांची नावे देतो. त्या दहांत वरखाली असे काही धरले जात नाही. प्रत्येक नावाला एकच मत मिळते आणि अशा मतांची बेरीज म्हणजे अंतिम क्रम. याचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. प्रथम आलेला चित्रपट हा एकाही समीक्षकाच्या मनात पहिल्या स्थानी नसूनही यादीत पहिला येऊ शकतो. तो पुरेशा लोकांच्या दहांत असला म्हणजे झाले.

आकडे अधिक बोलके आहेत. २००२ मध्ये १४५ समीक्षकांनी मते दिली. त्यांपैकी 'सिटिझन केन'ला ४६ आणि 'व्हर्टिगो'ला ४१ मते पडली. म्हणजे ज्या चित्रपटास जग 'सर्वश्रेष्ठ' म्हणत होते, त्याला एक-तृतीयांश समीक्षकांनीही आपल्या दहांत घेतले नव्हते आणि पहिल्या-दुसऱ्यातले अंतर अवघ्या पाच मतांचे होते. २०१२ मध्ये समीक्षकांची संख्या ८४६ झाली. 'व्हर्टिगो'ला १९१ आणि 'सिटिझन केन'ला १५७ मते मिळाली. प्रथम क्रमांकाच्या चित्रपटाचे नाव ६५५ समीक्षकांनी घेतलेच नाही. २०२२ मध्ये मतदार १,६३९ झाले आणि क्रम पुन्हा बदलला. राज्यशास्त्राच्या अध्यापकांना यात नवल वाटणार नाही. मतदार कोण, त्यांना काय विचारले आणि मते कशी मोजली यांवर निकाल अवलंबून असतो, हे त्यांच्या विषयातील प्राथमिक ज्ञान आहे. चित्रपटाच्या बाबतीत मात्र तेच ज्ञान आपण विसरतो आणि बेरजेला निवाडा समजतो.

याचा अर्थ अशा याद्या निरर्थक आहेत असा नाही. त्या एक गोष्ट निश्चितपणे सांगतात. विशिष्ट काळातील विशिष्ट समीक्षकवर्गाच्या सामायिक स्मरणात कोणते चित्रपट आहेत, हे त्यांवरून कळते. अडचण एवढीच, की स्मरणात राहण्यासाठी चित्रपट आधी पाहावयास मिळावा लागतो.

प्रत आणि प्रतिष्ठा

'व्हर्टिगो'चेच उदाहरण घेऊ. हा चित्रपट १९५८ चा. पुढे हिचकॉक यांच्या आणखी चार चित्रपटांसह तो दीर्घकाळ वितरणाबाहेर होता. १९८२ च्या यादीत तो सातव्या स्थानाच्या आसपास प्रथमच दिसला. १९८३-८४ मध्ये ते चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाले आणि १९९६ मध्ये 'व्हर्टिगो'ची जीर्णोद्धारित प्रत आली. त्याचे स्थान १९९२ मध्ये चौथे, २००२ मध्ये दुसरे आणि २०१२ मध्ये पहिले झाले. या चढत्या क्रमात रुचिपालटाचा वाटा आहेच, पण प्रत उपलब्ध होण्याचाही वाटा आहे.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची कथा याहून जवळची आहे. १९९२ साली, म्हणजे राय यांच्या निधनाच्या वर्षी, तो समीक्षकांच्या यादीत सहाव्या स्थानी अन्य चित्रपटांबरोबर होता. पुढच्याच वर्षी लंडनमधील एका प्रयोगशाळेला आग लागून राय यांच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. २००२ मध्ये तो पहिल्या दहांत राहिला नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याची अत्यंत परिश्रमपूर्वक सिद्ध केलेली नवी प्रत प्रदर्शित झाली आणि २०२२ च्या यादीत तो पस्तिसावा आला. या तीस वर्षांत चित्रपट बदलला नव्हता. हरिहर, सर्वजया, दुर्गा आणि अपू जिथे होते तिथेच होते. बदलली होती ती पाहणाऱ्यांची पिढी आणि पाहण्याची सोय. या चढउताराचे एकच कारण सांगणे धाडसाचे होईल, परंतु क्रमांक म्हणजे चित्रपटाचा अंगभूत गुण नव्हे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

हाच मुद्दा आपल्या परिसरातील दृष्टान्ताने मांडता येईल. उत्तनच्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना विचारले तर ते सांगतील की जाळ्यात काय येते हे समुद्रात काय आहे यावर जितके अवलंबून असते, तितकेच जाळ्याच्या आसावर, म्हणजे त्याच्या छिद्रांच्या मापावरही असते. आसातून जे निसटले ते समुद्रात नव्हतेच, असे कोणी जाणता नाखवा म्हणणार नाही. समीक्षकांच्या याद्यांबाबत मात्र आपण तेच म्हणत असतो.

व्हेनिस, १९३७

मराठी मनाने जागतिक यादीशी नाते जोडले ते 'संत तुकाराम'च्या निमित्ताने. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभात फिल्म कंपनीचा हा चित्रपट १९३६ मध्ये प्रदर्शित झाला, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरविला गेला. 'जगातील तीन सर्वोत्कृष्ट चित्रपटांपैकी एक' हे त्याचे वर्णन तेव्हापासून आपल्या लेखनात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. अभिमानाचा हा आधार तपासून पाहणे समीक्षेचे कर्तव्य आहे.

त्या वर्षी व्हेनिसमध्ये परकीय चित्रपटासाठीचे मुख्य पारितोषिक ज्युलियँ द्युव्हिव्हिए यांच्या 'अँ कार्ने द बाल' या फ्रेंच चित्रपटास मिळाले. झाँ रन्वार यांच्या 'ला ग्रांद इल्युजाँ' या आज अजरामर मानल्या जाणाऱ्या चित्रपटाला वेगळे पारितोषिक देण्यात आले. 'संत तुकाराम'च्या वाट्याला आला तो विशेष उल्लेख. भारतीय बोलपटाच्या अवघ्या सहाव्या वर्षी मराठी भाषेतील चित्रपटाला तो लाभावा, ही गोष्ट खरोखर मोठी होती. पण ती 'जगातील पहिल्या तीनांत' या शब्दांनी सांगितली की विशेष उल्लेखाचा क्रमांक होतो आणि एका महोत्सवास आलेल्या चित्रपटांचे 'जग' होते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्या महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिकाचे नाव 'मुसोलिनी चषक' असे होते. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, तो चषक लेनी रीफेनश्टाल यांच्या 'ऑलिम्पिया'ला एका इटालियन चित्रपटाबरोबर विभागून देण्यात आला आणि त्यातील राजकीय दडपणाच्या निषेधातून कान महोत्सवाची कल्पना जन्मास आली. ज्या व्यासपीठाच्या निवाड्याविषयी तत्कालीन युरोपातच संशय होता, त्याचे प्रमाणपत्र आपण नव्वद वर्षे जपून ठेवले. चित्रपट मात्र तितका जपला नाही. त्यावर लिहिताना व्हेनिसचा उल्लेख हमखास येतो, पण त्यातील एखाद्या दृश्याचे विवेचन क्वचितच येते. गीता कपूर यांनी १९८० च्या दशकात 'संत तुकाराम'वर केलेले मर्मग्राही इंग्रजी लेखन हा सन्माननीय अपवाद होय.

न दिसणारे चित्रपट

ज्याची प्रत उरली तो निदान वादाचा विषय तरी होतो. ज्याची उरली नाही त्याचे काय? बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सावकारी पाश' (१९२५) हा मूकपट नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेला होता. कर्जापायी जमीन गमावून गिरणीच्या शहरात येणाऱ्या शेतकऱ्याची ती कहाणी. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. भारतीय चित्रपटांतील वास्तववादाचा आरंभ म्हणून प्रत्येक इतिहासग्रंथ त्याचे नाव घेतो, तथापि ती मूकप्रत आज उपलब्ध नाही. न पाहिलेल्या चित्रपटास मत कोण देणार? 'बायसिकल थीव्हज'च्या तेवीस वर्षे आधी कोल्हापुरात काय घडले होते, याचा निवाडा कुठल्याही यादीला करता येणार नाही.

हा अपवाद नव्हे, नियमच आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निर्माण झाले आणि त्यांपैकी संपूर्ण वा खंडित स्वरूपात उरलेल्यांची संख्या तीसहूनही कमी भरते. पी. के. नायर यांच्यासारख्या क्युरेटरने १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आयुष्य वेचले नसते, तर दादासाहेब फाळके यांचे जे अवशेष आज आपण पाहतो तेही दिसले नसते. इतके करूनही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील साठ्यास आग लागून जुन्या नायट्रेट फिल्मच्या अनेक प्रती भस्मसात झाल्या. २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. संस्थेची रचना कोणतीही असो, कोणत्या चित्रपटांच्या प्रती आधी वाचवावयाच्या हे तिला ठरवावे लागते आणि ते ठरविताना पुन्हा प्रसिद्ध यादीचाच आधार घेतला जाण्याचा धोका असतो. यादीत आहे म्हणून प्रत वाचते आणि प्रत आहे म्हणून यादीत राहते, असे हे चक्र आहे.

१९५५ ते १९८२

भारतीय समीक्षकांनी केलेल्या याद्यांत तरी चित्र वेगळे आहे काय? फिप्रेस्की या आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेच्या भारतीय शाखेने २०२२ मध्ये आपल्या तीस सदस्यांच्या गुप्त मतदानातून दहा सर्वश्रेष्ठ भारतीय चित्रपट जाहीर केले. ते अनुक्रमे असे : 'पथेर पांचाली', 'मेघे ढाका तारा', 'भुवन शोम', 'एलिप्पथायम', 'घटश्राद्ध', 'गर्म हवा', 'चारुलता', 'अंकुर', 'प्यासा' आणि 'शोले'. यांत बंगाली तीन, हिंदी-उर्दू पाच, मल्याळम एक आणि कन्नड एक. मराठी एकही नाही.

मराठीची अनुपस्थिती प्रथम डोळ्यांत भरते. पण या यादीकडे कालक्रमाने पाहिले तर त्याहून महत्त्वाची गोष्ट आढळते. यातील सर्वांत जुना चित्रपट १९५५ चा आहे आणि सर्वांत नवा १९८० च्या दशकाच्या आरंभीचा. शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासातील जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांतच सारी श्रेष्ठता एकवटली आहे. मूकपटांचा काळ, प्रभात आणि न्यू थिएटर्स यांचा काळ, तसेच गेली चाळीस वर्षे पूर्णपणे बाहेर आहेत.

हा काळ आपल्या ओळखीचा आहे. तो भारतातील फिल्म सोसायटी चळवळीचा काळ होय. कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ मध्ये निघाली, सोसायट्यांचे महासंघटन १९५९ मध्ये झाले, मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ मध्ये स्थापन झाले. प्रभातच्याच पुण्यातील जागेत १९६० मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेत प्रा. सतीश बहादूर यांनी 'पथेर पांचाली'चे दृश्यागणिक विश्लेषण विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांपुढे केले. ज्या चित्रपटांवर ही पिढी घडली, त्यांचीच नावे तिने घेतली. त्यात लबाडी नाही, पक्षपातही नाही. पण शिकवलेला चित्रपट स्मरणात राहतो आणि स्मरणातला चित्रपट श्रेष्ठ ठरतो, ही साखळी अध्यापकांनी ओळखली पाहिजे, कारण तिची पहिली कडी त्यांच्याच हातात असते.

'शोले'चा समावेशही विचार करावयास लावतो. २००२ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने केलेल्या भारतीय चित्रपटांच्या यादीत तो प्रथम होता. लोकप्रियतेला समीक्षकांनी दिलेली ही मान्यता स्वागतार्ह आहे. मग पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चाललेल्या अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'चा (१९५९) विचार कोणत्या समीक्षकाने केला? दादा कोंडके यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले, पण मराठी समीक्षेनेही त्यांना बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवले. लोकप्रियता हा गुण मानावयाचा तर तो हिंदीतच का मानावा? येथे दोष बाहेरच्या समीक्षकांचा कमी आणि आपला अधिक आहे. आपणच ज्यांविषयी गंभीरपणे लिहिले नाही, त्यांचे नाव इतरांनी घ्यावे ही अपेक्षा अनाठायी आहे.

निवाडा : दोन संतपट

येथे एक आक्षेप संभवतो. याद्या केवळ प्रत, प्रसार आणि स्मरण मोजतात असे म्हटले, तर श्रेष्ठ-कनिष्ठ हा भेदच उरत नाही. ज्याला जे आवडेल ते त्याच्यापुरते श्रेष्ठ! हा निष्कर्ष प्रस्तुत लेखकास मान्य नाही. क्रमांक नाकारणे म्हणजे निवाडा नाकारणे नव्हे. निवाड्यास कारणे द्यावी लागतात, क्रमांकास ती लागत नाहीत, हा दोहोंतील खरा फरक आहे.

दामले-फत्तेलाल यांच्याच दोन चित्रपटांवरून हे स्पष्ट करता येईल. 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) हा तंत्रदृष्ट्या 'संत तुकाराम'हून पुढे गेलेला आहे. रेड्याच्या मुखातून वेद आणि चालणारी भिंत हे चमत्कार त्यात ज्या सफाईने साधले आहेत, त्याचे आजही कौतुक वाटते. तरीही 'संत तुकाराम' हा मोठा चित्रपट आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे आणि त्याचे कारण जिजाई आहे. गौरी यांनी उभी केलेली ही जिजाई पतीच्या भक्तीची किंमत रोज स्वयंपाकघरात मोजते. मूल आजारी पडताच ती देवळात जाते ती शरण जाण्यासाठी नव्हे. हाती पायताण घेऊन ती विठ्ठलालाच जाब विचारते. चित्रपट तिला हास्यास्पद करीत नाही आणि पापीही ठरवीत नाही. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम तिच्या समोर अधिक कोमल होतो, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नसते. अखेरीस तुकोबांचे विमान वैकुंठाकडे निघते तेव्हा जिजाई मागे, संसारात आणि मुलांत राहते. प्रेक्षकाची नजर आकाशाकडे जाते, परंतु मन अंगणात अडकते.

चमत्कार आणि चूल यांना एकाच चित्रचौकटीत समान वजन देणे ही 'संत तुकाराम'ची सिद्धी आहे. 'संत ज्ञानेश्वर'मध्ये चमत्काराला असा प्रतिपक्ष नाही. तेथे विरोधक आहेत, पण ते हरण्यासाठीच आलेले आहेत. जिजाई हरत नाही. या मताशी कोणी सहमत होणार नाही, हे शक्य आहे. 'ज्ञानेश्वर'मधील बालकांच्या करुण एकाकीपणाकडे बोट दाखवून कोणी उलट बाजू मांडू शकेल. पण तो वाद दृश्यांविषयी होईल, क्रमांकाविषयी नव्हे, आणि दोन्ही पक्षांना चित्रपट पुन्हा पाहावा लागेल. समीक्षेचे फलित याहून दुसरे काय असावे?

'जान दिएलमन'चे मोलही असेच तपासता येते. ब्रसेल्समधील एका विधवेचे तीन दिवसांचे घरकाम तीन तासांहून अधिक काळ दाखविणारा हा चित्रपट पाहताना ज्याला जिजाईची चूल आठवेल, त्याला पहिल्या क्रमांकाच्या समर्थनाची किंवा विरोधाची गरज भासणार नाही. दोन भाषांतील आणि दोन युगांतील चित्रपट बाईच्या श्रमाकडे कसे पाहतात, हा प्रश्न त्याला पुरेसा वाटेल.

समारोप

२०१४ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला व्हेनिसमध्ये 'ओरिझोंती' विभागाचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा पुरस्कारही. १९३७ नंतर सत्याहत्तर वर्षांनी मराठी चित्रपट त्याच शहरात पुन्हा सन्मानित झाला. 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) यांनी नागराज मंजुळे यांच्या रूपाने मराठी पडद्यावर आजवर न आलेला अनुभव आणला. उद्याच्या कुठल्याशा यादीत यांपैकी एखादे नाव येईलही. ते आले तर आनंद मानावा, पण 'संत तुकाराम'च्या बाबतीत घडले तसे प्रमाणपत्र जपून चित्रपट विसरण्याची चूक पुन्हा होऊ नये.

यासाठी महाविद्यालयीन अध्यापकांना तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, अभ्यासक्रमात चित्रपट नेमताना 'अमुक यादीत आहे' हे कारण पुरेसे मानू नये. निवडीचे कारण एका परिच्छेदात लिहून ठेवावे. दुसरी, प्रत्येक प्रसिद्ध चित्रपटाबरोबर यादीबाहेरचा एक मराठी चित्रपट शिकवावा. 'गर्म हवा'बरोबर 'सामना', 'प्यासा'बरोबर 'पिंजरा', आणि 'शोले'बरोबर 'सांगत्ये ऐका' अशा जोड्या सहज लावता येतील. तिसरी, विद्यार्थ्यांना स्वतःच्या दहा चित्रपटांची यादी करावयास सांगावे, परंतु गुण यादीला न देता कारणांना द्यावेत. उत्तनच्या कोळीवाड्यातून, भाईंदरच्या चाळींतून आणि मीरा रोडच्या नव्या वसाहतींतून एकाच वर्गात येणाऱ्या मुलांच्या या याद्या एकमेकींशी जुळणार नाहीत. त्या न जुळणे हाच अध्यापनाचा आरंभबिंदू ठरावा.

याद्या होत राहतील. २०३२ मध्येही होईल आणि तेव्हाही वाद होतील. त्या वादांत मराठी चित्रपटाचे नाव निघावे असे वाटत असेल, तर त्याची प्रत शाबूत असावी लागेल, त्यावर लिहिलेले असावे लागेल आणि कोणीतरी तो वर्गात शिकवलेला असावा लागेल. यांपैकी शेवटची गोष्ट तरी सर्वस्वी आपल्या स्वाधीन आहे.